कापडाचें धुराडें

आमच्या सोलापुरास समुद्र नाहीं. सिद्धेश्वराचें तळें आहे, त्यांत देऊळ आहे, आणि पावसानें कृपा केली तर पाणीहि आहे. परंतु खारें पाणी पाहावयाचें तर घाट ओलांडून कोंकणांत उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून आमच्या गांवचा मुलगा जेव्हां जहाज काढतो, तेव्हां तें बहुधा पाहिलेलें नसतें. वाचलेलें किंवा ऐकलेलें असतें. धुराडें मात्र त्याला परकें नाहीं. कापडगिरण्यांचीं उंच धुराडीं हेंच या शहराचें कित्येक वर्षें क्षितिज होतें. त्यामुळें आमच्याकडचीं मुलें जहाजाचें अंग कसेंबसें उरकतात आणि धुराडें मोठ्या ठसक्यानें काढतात, हें मी शिक्षकीच्या दीर्घ अनुभवावरून सांगूं शकतों.

अशाच एका धुराड्यानें मला या उतारवयांत खालीं मान घालावयास लावली. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या धाकट्या नातवानें ओटीवर ड्रॉइंगचे मोठे कागद पसरले. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडूं नये म्हणून सूनबाईंनीं चोहों बाजूंस पाट उभे करून ठेवले. "हें काय मांडलें आहेस रे?" म्हणून विचारतां तो म्हणाला, "आजोबा, एम्डेन. पहिल्या महायुद्धांतली जर्मन लढाऊ नौका. ती पांच वेळां काढायची आहे."

"एकच नौका पांच वेळां कशाला? एकदांच नीट काढ."

"पण ती दर वेळीं निराळी दिसत होती ना!"

मी चष्मा लावून वांकलों. पहिल्या दोन कागदांवर तीन धुराडीं, तिसऱ्या-चौथ्यावर चार. निवृत्त होऊन वर्षें लोटलीं तरी हाताची खोड जात नाहीं. माझा हात तांबड्या पेन्सिलीकडे गेला. "अरे, एम्डेनला धुराडीं तीन."

"थांबा, आजोबा. चौथें कापडाचें आहे."

हे शब्द मीं पूर्वीं एकदां ऐकले होते.

तांबड्या शाईचा शेरा

त्या वेळीं मी एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें. दरवर्षीं मुलांचें एक हस्तलिखित निघे आणि त्याचें संपादन माझ्याकडे असे. पहिल्या महायुद्धावरील एका निबंधासाठीं चित्र हवें होतें. पूर्व भागांतील विणकराच्या घरचा, घरीं तेलुगु आणि शाळेंत मराठी बोलणारा, एक अबोल मुलगा चित्र घेऊन आला. चित्र एम्डेनचें होतें. धुराडीं चार, त्यांतलें सर्वांत पुढचें जरा निराळ्या ठेवणीचें.

माझ्याजवळच्या पुस्तकांत या नौकेला तीन धुराडीं असल्याचें स्पष्ट लिहिलें होतें. तें वाक्य मीं वर्गांत वाचून दाखविलें. मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, चौथें कापडाचें होतें. आमच्या आजोबांजवळ जुन्या मासिकांत चित्र आहे."

यावर मी जें बोललों तें लिहितांना आजहि कान तापतात. मी म्हणालों, "कापडाचें धुराडें? म्हणजे सोलापुरी चादरच गुंडाळली होती म्हणावयाची!" वर्ग खो खो हंसला. ज्याच्या घरीं चादरी विणून चूल पेटते, त्या मुलाला हें बोलणें कसें लागेल याचा विचार माझ्या मनांत आला नाहीं. मीं चित्राच्या कोपऱ्यांत तांबड्या शाईनें "चूक. धुराडीं तीन." असा शेरा मारून कागद परत केला. निबंध त्या वर्षीं चित्रावांचूनच गेला. मुलानें वाद घातला नाहीं; आणि पुन्हां माझ्याकडे चित्रहि आणलें नाहीं.

हें सारें नातवाच्या एका वाक्यासरशीं आठवलें. मीं तांबडी पेन्सिल खालीं ठेवली आणि त्याच्या शेजारीं मांडी घालून म्हणालों, "चौथें कापडाचें कसें, तें मला समजावून सांग."

एक धातु, पांच रूपें

नातवानें घेतलेली पद्धति मला फार आवडली. ही नौका डान्झिग (आजचें पोलंडमधील ग्दान्स्क) येथील सरकारी गोदींत बांधली गेली आणि २६ मे १९०८ रोजीं पाण्यांत उतरली. लांबी सुमारें ११८ मीटर, रुंदी साडेतेरा मीटर, १०.५ सेंटिमीटर तोंडाच्या दहा तोफा, दोन डोलकाठ्या आणि तीन धुराडीं. एका सेंटिमीटरास चार मीटर हें प्रमाण धरलें म्हणजे कागदावर नौका साडेएकोणतीस सेंटिमीटरांची होते. तिची बाह्यरेषा त्यानें एकदांच ट्रेसिंगच्या कागदावर काढली आणि पांचहि कागदांवर तीच उतरविली. अंग तेंच, पालटतें तें वरचें. व्याकरणांत धातु एकच राहतो आणि प्रत्ययांनीं रूपें निराळीं होतात, तसाच हा प्रकार.

पहिला कागद शांततेच्या काळाचा. १९१० सालीं एम्डेन चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताव (आजचें चिंगदाओ) या त्या वेळच्या जर्मन ताब्यांतील बंदरीं गेली. परदेशांतील जर्मन युद्धनौकांना अंग पांढरें आणि वरचा भाग व धुराडीं पिवळसर, असा रंग देत. उष्ण प्रदेशांत पांढरा रंग ऊन परतवितो, हें आपल्या उन्हाळ्यांत सदरा निवडणाऱ्याला सांगावयास नको. या शुभ्र वर्णामुळें तिला "पूर्वेचा हंस" असें लाडकें नांव मिळालें होतें.

येथें नातवाची एक चूक झाली होती. जुन्या छायाचित्रांत धुराडीं गडद दिसतात म्हणून त्यानें तीं काळपट रंगविलीं. परंतु त्या काळच्या छायाचित्राच्या कांचा निळ्या प्रकाशास फार संवेदनशील आणि पिवळ्या-तांबड्यास मंद असत. त्यामुळें निळें आकाश पांढरें फटफटीत उमटे आणि पिवळी वस्तु असावी त्याहून काळी. डोळ्यांना जें उजळ, तें कांचेला मलिन! छायाचित्रहि खोटें बोलत नाहीं, पण तें स्वतःच्या भाषेंत बोलतें. ती भाषा शिकल्यावांचून त्याची साक्ष घेऊं नये.

दुसरा कागद ऑगस्ट १९१४ चा. युद्ध पेटलें आणि हंसाचा कावळा नव्हे, पण पारवा झाला. पांढऱ्याच्या जागीं करडा रंग आला. समुद्र आणि आकाश जेथें मिळतात तेथें बहुधा धुरकट करडी रेघ असते. त्या रेघेंत नौकेनें विरघळून जावें हा हेतु. भोजराजाच्या नांवावर असलेल्या "युक्तिकल्पतरु" या संस्कृत ग्रंथांत चार डोलकाठ्यांची नौका पांढरी, तिनांची तांबडी, दोहोंची पिवळी आणि एकीची निळी रंगवावी असें सांगितलें आहे. तेथें रंग ओळख पटविण्यासाठीं आणि शोभेसाठीं. येथें ओळख बुजविण्यासाठीं. नातवाला हें सांगतांच तो हिशेब करून म्हणाला, "म्हणजे भोजराजाच्या मतें एम्डेन पिवळी हवी!"

तिसऱ्या कागदावर तें धुराडें आलें. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें दुरून येणाऱ्या जहाजाचें अंग क्षितिजाखालीं असतें. प्रथम डोलकाठ्या आणि धुराडीं दिसतात. म्हणून खलाशी जहाज ओळखतात तें धुराडीं मोजून. त्या समुद्रांतल्या कित्येक इंग्रज क्रूझरांना चार धुराडीं होतीं. तिनांची नौका दिसली कीं संशय आलाच. तेव्हां एम्डेनचे दुय्यम अधिकारी फोन म्युके यांच्या सूचनेवरून ऑगस्टच्या अखेरीस एक चौथें धुराडें उभें राहिलें: शिडाचें कापड पुढच्या धुराड्याच्याहि पुढें ताणून टांगलेलें. बाजूनें तें झकास दिसे. पण तें चपटें होतें. समोरून किंवा तिरकस पाहिलें तर धुराड्याची जाडी नाहींशी होऊन नुसता पडदा उरे. पुढें लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर कापड चढविलें आणि खऱ्या धुराड्यासारखें लंबगोल धुराडें तयार केलें. तें उभारलें म्हणजे दुरून ही जर्मन नौका "यार्मथ" या इंग्रज क्रूझरसारखी दिसे. चौथा कागद या सुधारलेल्या सोंगाचा.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढचें धुराडें निराळ्या ठेवणीचें कां काढलें होतें, तें मला आतां उमगलें. त्यानें संख्या तर बरोबर दिलीच होती, पण त्यांतलें खोटें कोणतें हेंहि दाखविलें होतें. माझें पुस्तक खरें होतें आणि त्याचें चित्रहि खरें होतें. पुस्तक बांधणीच्या दिवसाचें बोलत होतें, चित्र युद्धांतल्या दिवसाचें. चुकला होता तो एकटा शेरा.

सोंग आणि निशाण

या वेषांत एम्डेननें काय केलें तें थोडक्यांत सांगतों. १० सप्टेंबर १९१४ पासून बंगालच्या उपसागरांत तिनें व्यापारी जहाजें धरावयास आरंभ केला. पहिल्या कांहीं दिवसांतच सांपडलेलें "इंडस" हें जहाज कलकत्त्याहून मुंबईस सैन्य चढविण्यासाठीं निघालें होतें. त्यावर साबणाचा एवढा सांठा मिळाला कीं जर्मन खलाशांची मोठी सोय झाली. २२ सप्टेंबरच्या रात्रीं तिनें मद्रास (आजचें चेन्नई) बंदरावर शंभराहून अधिक गोळे टाकले. बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटल्या आणि कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. ऑक्टोबरांत दिएगो गार्सिया बेटाशीं थांबून तिनें आपलें अंग खरवडून घेतलें. त्या एकाकी बेटावरील लोकांस युद्ध सुरू झाल्याची वार्ताहि नव्हती. मग मिनिकॉय बेटाच्या आसपास तिनें आणखी जहाजें धरलीं. कप्तान फोन म्युलर जहाज बुडविण्यापूर्वीं त्यावरील माणसें उतरवून घेत आणि पुढें एखाद्या जहाजावरून सुखरूप परत धाडीत, यामुळें शत्रूच्या वृत्तपत्रांनींहि त्यांचें नांव आदरानें घेतलें.

२८ ऑक्टोबरच्या पहाटें चार धुराड्यांची एम्डेन पेनांग बंदरांत शिरली. सोंग इतकें साधलें कीं तिला कोणींहि हटकलें नाहीं. परंतु तोफ डागण्यापूर्वीं तिनें आपलें जर्मन निशाण वर चढविलें. समुद्रावरील युद्धाचा संकेतच असा आहे: जवळ येईपर्यंत वेष पालटावा, परक्या निशाणाखालींहि यावें, मात्र प्रहार करतांना निशाण स्वतःचें हवें. त्यानंतर रशियाचें "झेमचुग" हें क्रूझर बुडालें, आणि बंदराबाहेर फ्रान्सची "मुस्के" ही विनाशिकाहि.

हें ऐकतांना मला विराटपर्व आठवल्यावांचून राहिलें नाहीं. अर्जुन वर्षभर बृहन्नडेच्या वेषांत नाचगाणें शिकवीत राहिला. शस्त्रें शमीवृक्षावर गुंडाळून ठेवलीं. पण गोग्रहणाच्या वेळीं गांडीव हातीं घेतांना त्यानें उत्तरापुढें आपलीं दहा नांवें एकेक करून, अर्थासह सांगितलीं. वेष घेणें अधर्म नव्हे. वेषाच्या आडून प्रहार करणें अधर्म. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचें सोंग आणून दारांत दरडावतो, पण शेवटीं हंसून हात पुढें करतो आणि आपण कोण तें सांगतो, तेव्हांच त्याला शिधा मिळतो.

पांचवा कागद ९ नोव्हेंबर १९१४ चा. हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवरचें तारायंत्राचें ठाणें उद्ध्वस्त करण्यासाठीं एम्डेन गेली. ठाण्यावरील माणसांनीं पाहिलें तों चौथें धुराडें कापडाचें! त्यांनीं तत्काळ परकें जहाज आल्याचा संदेश धाडला. ऑस्ट्रेलियन सैन्याची जहाजें घेऊन जाणारा ताफा त्या वेळीं दैवयोगानें जवळच होता. त्यांतून "सिडनी" हें क्रूझर धांवून आलें. त्याच्या तोफा पंधरा सेंटिमीटरांहून मोठ्या तोंडाच्या. एम्डेनचीं तीन्ही खरीं धुराडीं कोसळलीं, पुढची डोलकाठी गेली, आणि शेवटीं कप्तानानें नौका बुडूं नये म्हणून उत्तर कीलिंग बेटाच्या खडकावर चढविली. तिच्यावरील शंभराहून अधिक माणसें मेलीं, सिडनीवरील चार.

हा कागद नातवानें दोन दिवस कोराच ठेवला होता. "आजोबा, मोडलेलें जहाज काढवत नाहीं," म्हणाला. मीं त्याला सांगितलें, "पहिला कागद काढलास ना? मग हाहि काढलाच पाहिजे. नाहींतर चित्रमाला नव्हे, स्तोत्र होईल." त्यानें काढला, आणि कसलाहि रंग भरला नाहीं.

मुंबईच्या दारांत

एम्डेनची ही कथा मद्रासेकडची म्हणून दूरची वाटेल. परंतु सोंग घेतलेली एक जर्मन नौका आपल्या मुंबईच्या दारांतहि येऊन गेली होती. तिचें नांव "वोल्फ", म्हणजे लांडगा. ही मुळांत ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची मालवाहू बोट. ३० नोव्हेंबर १९१६ रोजीं ती कील बंदरांतून निघाली. तिचें धुराडें आणि डोलकाठ्या लहानमोठ्या करतां येत. तोफा बाजूच्या फळ्यांआड झांकलेल्या, फळी पाडली कीं तोफ उघडी. शिवाय तिच्यावर एक लहानसें समुद्री विमान होतें. एम्डेनला दोनच वेष. हिला जितके बंदर तितके. नातवानें तिचेंहि चित्र काढावयास घेतलें, पण धुराड्याची उंची कोणती धरावी येथेंच पेन्सिल अडली.

फेब्रुवारी १९१७ मध्यें कोलंबो आणि मुंबईच्या जलमार्गांत तिनें सुरुंग पेरले आणि ती निघून गेली. चार महिन्यांनीं, २३ जून १९१७ रोजीं, पी. अँड ओ. कंपनीची "मंगोलिया" ही उतारूंची आगबोट मुंबईजवळ त्यांतल्याच एका सुरुंगावर आदळून बुडाली. वोल्फ त्या वेळीं कोठल्या कोठें गेली होती. ४५१ दिवसांच्या सफरीनंतर २४ फेब्रुवारी १९१८ रोजीं ती कीलला सुखरूप पोंचली.

एम्डेन आणि वोल्फ यांतला भेद नातवानें एका वाक्यांत सांगितला: "आजोबा, सुरुंगाला निशाण नसतें." पोरानें खरें सांगितलें. नौका शेवटीं तरी आपलें नांव सांगते. पेरलेला सुरुंग कोणाचें नांव विचारीत नाहीं आणि आपलें सांगत नाहीं. माझ्या मनांत आलें, आपण सहज बोलून गेलेल्या शब्दाचेंहि असेंच. मी वर्गांत एक थट्टा पेरून पुढच्या धड्याकडे वळलों होतों. ती कोणाला, केव्हां लागली, हें पाहावयास मागें वळलोंच नव्हतों.

शेरा खोडतांना

सुटी संपण्यापूर्वीं मीं तपास केला. तो विद्यार्थी गांवांतच होता. पूर्व भागांत त्याचे टॉवेलचे माग आहेत. नातवाला बरोबर घेऊन, पांचहि कागदांची गुंडाळी कांखेंत मारून, एका सायंकाळीं मी त्याच्या दारीं गेलों. मागांच्या खडखडाटांत बोलणें ऐकूं येईना. त्यानें आम्हांला आंतल्या खोलींत नेऊन बसविलें आणि चहा मागविला. केंस पिकलेल्या त्या गृहस्थाला "तू" म्हणावें कीं "तुम्ही" याचाच मला निश्चय करतां येईना.

मीं कागद उलगडले आणि म्हणालों, "तुमचें बरोबर होतें. चौथें कापडाचेंच होतें. चूक माझी. आणि हंसलों, ती त्याहून मोठी चूक."

तो थोडा वेळ कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, 'तुम्ही' कशाला म्हणतां? इतकीं वर्षें झालीं." आणि थोडें थांबून, "पण वर्ग हंसला होता तें विसरलों नाहीं. खोटें कशाला सांगूं?"

यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आणि त्यानेंहि तें मागितलें नाहीं. त्याची दृष्टि चौथ्या कागदावर खिळली होती. त्यानें नातवाला जवळ बोलावलें. "हें धुराडें तूं फार ताठ काढलें आहेस, बाळ. कापड आहे ना? मग आंत पट्ट्या आहेत तेथें फुगेल, दोन पट्ट्यांच्या मध्यें दबेल. जहाज पुढें चाललें आहे, वारा समोरून. म्हणून या बाजूनें ताण, त्या बाजूनें घडी. सावली इथें पडेल." असें म्हणून त्यानें खिशांतली पेन्सिल काढली आणि चार रेघांत त्या धुराड्याचें कापड केलें. मीं संस्कृत शिकविलें, व्याकरण शिकविलें. पण कापड वाऱ्यांत कसें वागतें हें ज्याच्या घरांत तीन पिढ्या माहीत होतें, त्यालाच मी कापडावरून हंसलों होतों!

निघतांना नातवानें तो चौथा कागद त्याला देऊं केला. त्यानें तो घेतला आणि माझ्यापुढें धरला. "शेरा द्या, गुरुजी. तांबड्या शाईनें."

त्याच्या हिशेबाच्या वह्यांजवळ तांबडें पेन होतें. मीं कोपऱ्यांत लिहिलें: "बरोबर. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं धुराडीं चार. त्यांतलें पुढचें कापडाचें." तारीख मुद्दाम घातली. तारखेवांचून कोणाच्या रूपाविषयीं शेरा मारूं नये, एवढें मी या वयांत शिकलों आहें.

नातवानें घरीं आल्यावर चौथा कागद पुन्हां काढला. या खेपेस धुराड्याला घडी आहे.